मध्यम नौकेचे शास्त्र : गुराबेपासून 'नीलगिरी'पर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, ते गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. भिंतीवरच्या नकाशात इंदूरवर छडीचे टोक ठेवून ते विचारीत, "येथून समुद्र कोणीकडे?" आम्ही मुले मुंबईकडे बोट दाखवीत असू. गुरुजी हसून म्हणत, "दोन्हीकडे." मग ते समजावून सांगत की आपल्या गावात पडणारा पाऊस खान, क्षिप्रा, चंबळ, यमुना आणि गंगा या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतो आणि महूपलीकडे विंध्याच्या उतरणीवर पडणारा पाऊस नर्मदेबरोबर सिंधुसागरात जातो. दोन समुद्रांच्या मधोमध बसलेली आपली वस्ती आहे आणि दोन्ही समुद्र आपण पाहिलेले नाहीत, हे त्यांचे दुखणे होते.

त्या दुखण्याला स्मरूनच मी आज फ्रिगेट या बहुउद्देशीय युद्धनौकेची रचना, तिची शस्त्रे आणि तिची ज्ञानेंद्रिये हा विषय घेतला आहे. पलासियात राहणाऱ्या मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने युद्धनौकेवर का बोलावे, ही शंका रास्त आहे. महूच्या छावणीमुळे आपल्याला पायदळाची ओळख असते; आरमाराची नसते. परंतु माझा या विषयाशी संबंध आला तो एका जुन्या मराठी ग्रंथामुळे आणि एका नाविकाच्या एका वाक्यामुळे.

तो ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. इ. स. १७१६ च्या सुमाराचा हा राजनीतीवरील ग्रंथ मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकविला. त्यात आरमारावर एक प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानावे, पाच गुराबा व पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, आणि गुराब फार थोर नसावी, फार लहानही नसावी, मध्यम असावी, असे अमात्य सांगतात. वाऱ्यावाचून जिचे चालत नाही अशी अवजड नौका त्यांना नको होती. मी हा उतारा गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवीत असे. 'मध्यम' या शब्दापाशी मी कधी थांबलो नव्हतो.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस नौदल सप्ताहात मुंबईला एक युद्धनौका सर्वसामान्यांना पाहण्यास खुली होती. आपल्याच शाळेतून नौदलात गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला तेथे नेले. नाळेवरची जुळ्या नळ्यांची तोफ पाहून मी तेथील एका तरुण नाविकाला विचारले, "एवढी मोठी नौका, आणि मोठी तोफ एकच?" तो रत्नागिरीकडचा होता. म्हणाला, "सर, अजून एक ठेवायची तर दुसरं काहीतरी उतरवावं लागेल. मग काय उतरवू ते तुम्हीच सांगा." आज्ञापत्रातल्या 'मध्यम'चा अर्थ मला त्या दिवशी कळला. आजचे माझे सारे व्याख्यान त्या एका वाक्याचे भाष्य आहे.

नौका म्हणजे तडजोडीचा हिशेब

फ्रिगेट ही विनाशिकेहून सामान्यतः लहान आणि कॉर्व्हेटहून मोठी अशी युद्धनौका. आकाशातून येणारे विमान व क्षेपणास्त्र, पृष्ठभागावरची शत्रूची नौका आणि पाण्याखालची पाणबुडी, या तिन्ही संकटांना तिने तोंड द्यावे अशी अपेक्षा असते. म्हणून ती बहुउद्देशीय. पण प्रत्येक कामाला शस्त्र लागते, शस्त्राला जागा लागते, वजन लागते, वीज लागते आणि ते चालविणारी माणसे लागतात. माणसांना अन्न, पाणी, झोपायला खण लागतो. नौकेचे एकूण वजन ठरलेले असते. तेव्हा अभिकल्पकाचे खरे कौशल्य काय बसवावे यापेक्षा काय सोडावे हे ठरविण्यात आहे.

मी पाहिलेली नौका 'गोदावरी' वर्गातील होती. तिच्या जन्माची कथा अशी. माझगाव डॉकचा उगम १७७४ मधील एका लहानशा गोदीत आहे. १९६० मध्ये सरकारने तो कारखाना ताब्यात घेतला. तेथे ब्रिटिश 'लिअँडर' नमुन्यावरून पहिली भारतीय बनावटीची फ्रिगेट 'नीलगिरी' बांधली गेली. ती ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. त्या वर्गाच्या सहा नौका झाल्या. त्यानंतर मात्र आपल्या नौदलाच्या अभिकल्पकांनी स्वतःचा आराखडा काढला. लिअँडरची लांबी सुमारे ११३ मीटर होती; 'गोदावरी' सुमारे १२६ मीटरची केली. यंत्रे तितक्याच शक्तीची, म्हणजे ३०,००० अश्वशक्तीची बाष्प टर्बाइने ठेवली. ही टर्बाइने आपल्या शेजारच्या भोपाळच्या कारखान्यातली होती, हे मुद्दाम सांगतो. नौका वाढली आणि शक्ती तीच राहिली, तर वेग फार घटेल अशी भीती होती. पण लांब आणि रेखीव काया लाटांचा विरोध तुलनेने कमी घेते. 'गोदावरी'चा वेग सुमारे २७ नॉट, म्हणजे ताशी ५० किलोमीटर राहिला. वाढलेल्या जागेत दोन 'सी किंग' हेलिकॉप्टरे बसली. १० डिसेंबर १९८३ रोजी 'गोदावरी' दाखल झाली. 'गोमती' आणि 'गंगा' या तिच्या बहिणी.

तिच्यावर शस्त्रे कोणती? नौकांवर मारा करणारी चार सोव्हिएत 'स्टिक्स' क्षेपणास्त्रे, विमानांविरुद्ध सोव्हिएत क्षेपणास्त्रे, ५७ मिलिमीटरची जुळी तोफ, जवळच्या माऱ्यासाठी ३० मिलिमीटरच्या झपाट्याने झडणाऱ्या तोफा आणि पाणबुडीविरुद्ध पाणतीर. हेलिकॉप्टर ब्रिटिश. या सर्वांची माहिती एकत्र करणारा संगणक इटालियन. भाषेच्या माणसाला यातली अडचण लगेच कळेल. रडार रशियन बोलणार, संगणक इटालियन बोलणार, आणि हुकूम मात्र क्षणात सुटला पाहिजे! या निरनिराळ्या देशांच्या यंत्रांमधली दुभाष्याची कामगिरी भारतीय अभियंत्यांनी केली. पूर्वेची शस्त्रे आणि पश्चिमेची यंत्रे एका कायेत नांदविणे, हे 'गोदावरी'चे मोठे यश होय. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील बंडखोर ओलिसांसह 'प्रोग्रेस लाइट' या जहाजातून पळाले, तेव्हा त्यांना गाठण्याच्या कामगिरीवर 'गोदावरी' आणि 'बेतवा' याच नौका होत्या.

डोळे : रडार

आता ज्ञानेंद्रियांकडे वळू. जामच्या दरवाज्यात उभे राहून आपण निमाडाकडे पाहतो तेव्हा खालचे खोरे दूरवर दिसते. तेच घाट उतरून गेलो की समोरचे झाडही दृष्टी अडवते. समुद्रावर झाडे नसतात, पण पृथ्वीची गोलाई असते. रडारच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. क्षितिजाच्या खाली काय आहे ते रडारला दिसत नाही. म्हणून ते जितके उंच तितकी दृष्टी लांब.

एक हिशेब करून पाहा. रडार पाण्यापासून २५ मीटर उंचीवर आहे आणि शत्रूचे क्षेपणास्त्र लाटांवरून केवळ ४ मीटर उंचीने येत आहे. अशा वेळी ते रडारला सुमारे २९ किलोमीटरवर प्रथम दिसू शकेल. ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाने ते येत असेल, तर नौकेच्या हाती सुमारे दीड मिनिट आहे. 'ब्रह्मोस'सारखे ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाचे असेल, तर अर्धे मिनिट! एवढ्या वेळात ते ओळखायचे, आपले की परके ते ठरवायचे, आणि त्याला पाडणारे क्षेपणास्त्र सोडायचे.

मग रडार आणखी उंच का बसवू नये? डोक्यावर हंड्यावर हंडा रचून पाणी आणणारी बाई आपण पाहिली आहे. वरचे वजन वाढले की तोल जातो. नौकेचेही तसेच. डोलकाठीच्या टोकावर चढविलेला प्रत्येक टन वादळात नौकेला अधिक कलवतो, आणि त्याची भरपाई तळाशी वजन देऊन करावी लागते. ते तळाचे वजन वेग खाते. दृष्टी, तोल आणि वेग यांचे हे भांडण प्रत्येक नौकेत नव्याने मिटवावे लागते.

कान : सोनार

रडारच्या लहरी पाण्यात शिरताच विरून जातात. पाण्याखाली ऐकावेच लागते. त्या यंत्राला सोनार म्हणतात. आपल्या सराफ्यातल्या सोनाराशी त्याचा संबंध नाही. पण कान तसाच तयार लागतो. खणखणीत वाजणारे नाणे कोणते आणि बद्द वाजणारे कोणते, हे जसे सराफ ओळखतो, तसे परतलेल्या आवाजावरून पाणबुडी कोणती आणि माशांचा थवा कोणता, हे सोनारवरच्या नाविकाला ओळखावे लागते.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. परंतु तो सरळ जात नाही. उन्हाळ्यात आग्रा-मुंबई रस्त्यावर तापलेल्या हवेने प्रकाश वाकतो आणि मृगजळ दिसते. आपल्या उष्ण समुद्रात वरचे पाणी तापलेले आणि खालचे थंड असते. त्यामुळे ध्वनी खाली वाकतो आणि काही भागात पोचतच नाही. त्या ध्वनिछायेत पाणबुडी निवांत दडते.

याची किंमत आपण मोजली आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तो दिवस आजही नौदल दिन म्हणून साजरा होतो. पुढे पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ 'खुकरी' बुडाली. ती ब्रिटिश बनावटीची लहान फ्रिगेट होती, पाणबुड्यांच्या शिकारीसाठीच बांधलेली. पाकिस्तानची 'हँगोर' ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी तिच्याहून दूरचे ऐकत होती. शिकाऱ्याला सावजाने आधी ऐकले. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. ती बातमी कळली त्या संध्याकाळी गुरुजी शाळेच्या ओट्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "आपल्याला समुद्र ऐकू आला नाही."

मित्रहो, हे वाक्य मी आयुष्यभर रूपक म्हणून बाळगले. पुढे कळले की ते शब्दशः खरे होते. 'खुकरी'च्या घटनेनंतर आरोग्यस्वामी पॉलराज या नौदलातील अभियंत्यावर जुन्या ब्रिटिश सोनारची श्रवणशक्ती वाढविण्याचे काम सोपविण्यात आले. ते साधल्यावर कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' हे पूर्णतः भारतीय सोनार तयार झाले आणि १९८० च्या दशकात फ्रिगेटांवर बसले. हेच पॉलराज पुढे अमेरिकेत बिनतारी दळणवळणातील शोधासाठी जगप्रसिद्ध झाले. १९४ जणांच्या मृत्यूला उत्तर म्हणून जर काही उभे राहिले असेल, तर ते हे ज्ञान होय.

हेलिकॉप्टरचे मोलही येथेच कळते. नऊ-दहा टनांचे 'सी किंग' नौकेपासून दूर जाऊन पाण्यावर स्थिर राहते आणि दोरावर सोनार खोल सोडते, उष्ण थराच्याही खाली. नौकेचा कान असा छायेच्या आत पोचतो. त्या तरुण नाविकाने दुसऱ्या तोफेला नकार का दिला, ते आता ध्यानी येईल.

लपण्याची विद्या

'गोदावरी'नंतरची मोठी उडी म्हणजे 'शिवालिक' वर्ग. 'शिवालिक' २९ एप्रिल २०१० रोजी, 'सातपुडा' २०११ मध्ये आणि 'सह्याद्री' २०१२ मध्ये दाखल झाली. तिन्ही माझगावच्या. लांबी १४२ मीटरहून अधिक, वजन सुमारे ६२०० टन. आपल्या दक्षिणेच्या डोंगराचे नाव सागरावर फिरते आहे, हे निमाडातल्या किती लोकांना ठाऊक असेल?

या नौका शत्रूच्या रडारला चकवितात. भिंतीला काटकोनात दुसरी भिंत असली, की रडारची लहर आली त्याच वाटेने परत जाते. म्हणून या नौकेच्या बाजू तिरक्या केल्या; लहर भलतीकडे उडून जाते. मोठी नौका रडारच्या पडद्यावर लहान दिसते. धुराड्यातले वायू थंड करून सोडतात, कारण उष्णतेचा माग घेणारी क्षेपणास्त्रेही असतात. यंत्रे धक्के शोषणाऱ्या बैठकांवर बसवितात, म्हणजे त्यांचा आवाज पाण्यात उतरत नाही.

इंजिनांतही बदल झाला. वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते, असा नौकाशास्त्राचा निर्दय नियम आहे. रोजच्या चालीसाठी काटकसरी डिझेल इंजिने आणि धाव घेण्यासाठी गॅस टर्बाइने, अशी दुहेरी योजना 'शिवालिक'मध्ये आहे. बाष्पयंत्राला वाफ धरायला तास लागत. गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार होते.

त्यापुढची पिढी म्हणजे नव्या 'नीलगिरी' वर्गाच्या सात फ्रिगेट. चार माझगावला, तीन कोलकात्याला. गुरुजींच्या दोन्ही समुद्रांवर! पहिली 'नीलगिरी' १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झाली. 'उदयगिरी' आणि 'हिमगिरी' २६ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणमला. आपल्या विंध्याचे नाव धारण करणारी 'विंध्यगिरी' १७ ऑगस्ट २०२३ रोजी कोलकात्यात जलावतरित झाली. लांबी १४९ मीटर, वजन सुमारे ६७०० टन. आठ 'ब्रह्मोस', हवेतील संकटासाठी उभ्या खणांतून सुटणारी ३२ 'बराक-८' क्षेपणास्त्रे, ७६ मिलिमीटरची तोफ, पाणतीर आणि हेलिकॉप्टर ही तिची सामग्री. तिचे मुख्य रडार गरगर फिरत नाही. चार दिशांना बसविलेल्या चार सपाट पट्टांतून ते एकाच वेळी सर्वत्र पाहते. अर्ध्या मिनिटाचा जो हिशेब मघाशी केला, त्याला हे उत्तर आहे. फिरणाऱ्या डोळ्याची पाठ काही क्षण तरी शत्रूकडे असते. चार डोळ्यांची नसते. क्षेपणास्त्रे उभ्या खणांत ठेवल्याने तोंड वळविण्यातला वेळही वाचतो.

तरीही नाळेवर मोठी तोफ एकच आहे. नौका कितीतरी जड झाली, चाळीस वर्षे लोटली, आणि तडजोडीचा हिशेब तसाच आहे.

हा धागा कोठे तुटला होता?

अमात्यांनी 'मध्यम' गुराबेचा सल्ला दिला, तो अनुभवाचा होता. साधारण १५० ते ३०० टनांची, नाळेवर तोफा असलेली गुराब आणि वल्ह्यांनीही चालणारी लहान गलबते, यांच्या बळावर कान्होजी आंग्र्यांनी मोठमोठ्या युरोपीय जहाजांना कोकण किनाऱ्यावर जेरीस आणले. ज्या राज्याने ही विद्या कमावली, त्यानेच ती गमावली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता हे खरे. पण समुद्रावरून इंग्रज आणि जमिनीवरून पेशव्यांचे सैन्य, अशी ती मोहीम होती. आपल्या पूर्वजांचे घोडे नर्मदा ओलांडून माळव्यात स्थिरावले होते, त्याच काळातली ही गोष्ट आहे. घोड्यावर बसलेल्या माणसांना गुराबेची किंमत कळली नाही.

कारागिरांचा हात मात्र मेला नाही. मुंबईच्या वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजींनी इंग्रज नौदलासाठी सागवानी 'ट्रिंकोमाली' बांधली. ती फ्रिगेटच होती. १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. लाकूड आपले, हात आपले. आराखडा आणि मालकी मात्र परकी. विजयदुर्गानंतर भारतीय बनावटीच्या पहिल्या फ्रिगेटपर्यंत २१६ वर्षे गेली, आणि स्वतःच्या आराखड्याच्या 'गोदावरी'पर्यंत आणखी ११.

आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दलही सांगितले आहे. सागवान मागून घ्यावे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. नौका बांधण्याची विद्या हे असेच झाड आहे. एका पिढीने लावायचे, दुसरीने शिंपायचे, तिसरीने फळ खायचे. तोडायला मात्र एक दिवस पुरतो.

गुरुजींनी आम्हांला समुद्र दाखविला नाही, तो त्यांच्या हाती नव्हता. त्यांनी पाणी कोणत्या वाटेने जाते ते दाखविले. त्या वाटेने या शाळेतला एक विद्यार्थी नौदलात गेला आणि त्याने त्याच्या मराठीच्या मास्तरांना एका नौकेच्या नाळेवर उभे केले. या सभागृहात बसलेल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या नौकेचा आराखडा काढील, कोणी सोनारला कान लावून बसेल. त्या वेळी दुसऱ्या तोफेची मागणी करणाऱ्याला काय उत्तर द्यायचे, ते त्याला ठाऊक असेल एवढी माझी खात्री आहे.